कोयनेत पाणी किती, यापेक्षा जागा किती ते बघा

जुलै लागला की कऱ्हाड-सांगलीकडे रोज सकाळी एकच चौकशी असते: कोयना किती भरली? उत्तर टक्क्यांत मिळतं आणि गफलत तिथंच होते. धरणाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). साठा 90 झाला की 85 टक्के, कानाला बरं वाटतं. पण हाच आकडा 5 ऑगस्टला असेल तर काळजी करावी, सप्टेंबर सरताना असेल तर फारशी नाही.

पाणलोट सुमारे 892 चौरस किलोमीटरचा आहे. जमीन पिऊन तुडुंब झाली असताना सगळीकडे 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर धरणात साधारण 3 टीएमसी येतं. पाणलोटातल्या नवजा, महाबळेश्वरला दिवसात 300 मिलिमीटर पडणं नवलाचं नाही. सगळ्या पाणलोटावर तेवढा कोसळला तर 9 टीएमसी. 90 वर जागा उरते 15 ची. दोन दिवसही पुरत नाही.

आता सोडायची बाजू. 11,574 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) सलग 24 तास सोडले की 1 टीएमसी जातं. हा आकडा पाठच करून ठेवावा. पायथा वीजगृहाची दोन्ही यंत्रं चालली तर नदीत 2,100 क्युसेक जातात, म्हणजे 1 टीएमसी कमी व्हायला साडेपाच दिवस. मोठा विसर्ग फक्त सहा वक्र दरवाजांतून, आणि ते बसलेत सांडव्याच्या माथ्यावर. पाणी तिथवर चढेपर्यंत, म्हणजे साठा सुमारे 73 टीएमसी होईपर्यंत, दरवाजे उचलून काहीच वाहत नाही. "जूनमध्येच का रिकामं केलं नाही" या रागाला हे खरं उत्तर आहे. निर्णयाची जागा 73 च्या वर, आणि ती अरुंद आहे.

दरवाजे सहाही सारखेच, थोडे थोडे उचलतात. आधी भोंगा, नदीकाठाला इशारा, मग विसर्ग. उशीर झाला की ही टप्प्याटप्प्याची सोय राहत नाही, येईल तेवढं पाणी सोडावं लागतं. तेच पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. खाली हरिपूरला वारणा फुगलेली असेल तर कृष्णेचं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो आणि शहरात फूग, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, चढते. म्हणून कोयनेचा विसर्ग एकटा वाचून उपयोग नाही, वारणेचाही बघायला हवा.

पश्चिमेची वाट निराळी. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पाणी पोफळीकडे कोसळतं, कोळकेवाडीत अडवून पुन्हा वीज काढतात, मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पायथ्याच्या मानानं पाणी पडण्याची उंची कितीतरी मोठी, म्हणून 1,960 मेगावॉटपैकी पायथ्याचे फक्त 40. पण राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं पश्चिमेला वर्षाला 67.5 टीएमसीचीच मुभा दिली आहे, वर्ष 1 जून ते 31 मे. वाशिष्ठीकाठच्या चिपळूणला अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली असेल, तेव्हा ही वाट मोकळी सोडणंही धोक्याचं.

पाऊस कमी पडला की ओढाताण उलटी होते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप उन्हाळ्यात कोयनेकडेच बघतात, आणि पश्चिमेला गेलेला थेंब पूर्वेला परत येत नाही. अशा वर्षी वीजनिर्मितीच्या कोट्याला कात्री आधी लागावी, असं माझं ठाम मत आहे. विजेला दुसरे मार्ग आहेत, जत-आटपाडीच्या पिकाला नाहीत.