न्यू जर्सीत सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर घेताना: माझा अनुभव

१८७३ सालच्या कोल्ट या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची ऊबर्टी कंपनीने बनवलेली इटालियन प्रतिकृती, कॅटलमन, मला हवी होती. सिंगल-ॲक्शन म्हणजे प्रत्येक बाराआधी मागचा घोडा, म्हणजे हॅमर, अंगठ्याने ओढावा लागतो. ग्रीन कार्ड हातात होतं (एच-वन या कामाच्या व्हिसावाल्यांना सहसा बंदूक विकत घेता येत नाही, हे आधी बघा). खरेदीच्या परमिटसाठी ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे, फी, सगळं सुरळीत झालं. मग फाइल आमच्या टाऊनच्या पोलीस स्टेशनात गेली आणि तिथेच बसली.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या रहिवाशाच्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. ते दिवस केव्हाच उलटले. फोन केला की एकच उत्तर, "फाइल डिटेक्टिव्हकडे आहे." डिटेक्टिव्ह ट्रेनिंगला गेलेले. पुढच्या वेळी रजेवर. निरोप ठेवा म्हणायचे, पण उलट फोन कधीच आला नाही. शेवटी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या एका रेफरन्सचं उत्तर आलेलं नाही." एवढं एक वाक्य फोनवर सांगायला काय जात होतं? मला अजूनही त्याचा राग येतो. चौकशी जरूर करा, कसून करा, पण अर्ज कशासाठी अडला आहे ते माणसाला कळवा तरी.

अर्जात ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात आणि त्यांना ईमेलने प्रश्नावली जाते. आमच्या शेजारच्या काकांची ती मेल स्पॅममध्ये पडून होती. त्यांनी त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं आणि त्यानंतर परमिटं लगेच आली. म्हणून नाव देण्याआधी त्या माणसाशी बोला, स्पॅम तपासायला सांगा. आपल्या मंडळातले लोक "पिस्तूल कशाला हवं तुला?" म्हणून दचकतात. त्यांना एकदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, घेऊन जा. हॅमर मागे ओढताना होणारे ते चार खटके ऐकले की निम्मे प्रश्न मिटतात.

आणखी एक. इथे एका हँडगनला (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) एक परमिट, आणि काउबॉय शूटिंगच्या, म्हणजे जुन्या काळच्या बंदुकांनी खेळायच्या, सामन्यांत दोन रिव्हॉल्व्हरं लागतात. परमिटं एकदमच मागा. साधारणपणे ३० दिवसांत एकच हँडगन घेता येते, पण परमिट ९० दिवस चालतं, म्हणजे दुसरी आरामात बसते. मीही दोन्ही परमिटं एकदमच मागितली. कॅप-अँड-बॉल (सुटी दारू आणि गोळी भरायचं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्व्हर) घेऊन हे सगळं टळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. केंद्राच्या कायद्यात त्या प्रतिकृती अँटिक धरल्या जातात, पण न्यू जर्सीत त्यालाही परमिट लागतंच.

भरायची पद्धत मात्र पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडून घ्या: सिलिंडरच्या सहा घरांपैकी एकात गोळी घाला, एक घर सोडा, पुढच्या चारांत घाला, हॅमर पूर्ण ओढा आणि धरून हलकेच खाली सोडा. तो रिकाम्या घरावर बसतो. जुन्या घडणीत हॅमरची पिन थेट गोळीच्या प्रायमरवर, म्हणजे तिच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावर, टेकते आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर बार उडू शकतो. सामन्यांतही पाचच गोळ्या भरतात. घरी नेताना रिकामं, कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत.

दुसरं रिव्हॉल्व्हरही मी पहिल्यासारखं .३५७ मॅग्नम कॅलिबरमध्येच (गोळीचा आकार) घेणार आहे. त्यात .३८ स्पेशल ही गोळी चालते, आणि ती .४५ कोल्ट या गोळीपेक्षा बरीच स्वस्त पडते.