वकीलपत्र मागे न घेतलेला कादंबरीकार

शनिवार, १० मे

कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली. शेवटच्या दिवशी बोर्डावर १९ प्रकरणे होती आणि त्यांतल्या बहुतेकांना जूनमधल्या तारखा मिळाल्या. त्या तारखा डायरीत उतरवून झाल्यावर कपाटातून अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रिशॅम यांची ‘द रेनमेकर’ काढली. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा माझ्या सिनियरांनी मुंबईच्या फाउंटनवरच्या पदपथावरून घेतलेली ही प्रत मला दिली होती. तिची पाने आता पिवळी पडली आहेत आणि शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीत मी ती वाचते.

ग्रिशॅम यांच्याविषयी लिहिताना पहिल्यांदा त्यांचा खप आणि चित्रपट आठवतात. मला मात्र ते नेहमी आपल्यातले वाटत आले, ते त्यांच्या वकिलीमुळे. अर्कान्सामधल्या जोन्सबरो येथे १९५५ मध्ये जन्मलेला, बांधकामावर काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा आधी हिशेबशास्त्र शिकला, मग १९८१ मध्ये मिसिसिपी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन साउथहेवन नावाच्या लहानशा गावात वकिली करू लागला. आरोपींचा बचाव आणि अपघातांतल्या जखमींचे दावे, अशी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी चालते तशी मिश्र वकिली होती ती. आठवड्याला ६० ते ७० तास काम होते. त्यातच १९८३ मध्ये ते मिसिसिपीच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९९० पर्यंत तेही सांभाळत राहिले.

१९८४ मध्ये एके दिवशी डीसोटो काउंटीच्या कोर्टात १२ वर्षांच्या एका बलात्कारपीडित मुलीची साक्ष त्यांच्या कानावर पडली. खटला त्यांचा नव्हता. आपल्या प्रकरणाचा पुकारा होईपर्यंत मागच्या बाकावर बसून दुसऱ्याच्या साक्षी ऐकणे ही वकिलाच्या आयुष्यातली इतकी रोजची गोष्ट आहे की, त्यातून आपण काय काय ऐकले याची आपण मोजदादही ठेवत नाही. घरी गेल्यावर हातपाय धुतले की ते विसरले जाते, निदान आपण तसे मानून चालतो. ग्रिशॅम यांना ते विसरता आले नाही. या मुलीच्या बापाने त्या गुन्हेगारांना ठार मारले तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी घरी नेला आणि रोज पहाटे पाच वाजता उठून, ऑफिस उघडण्यापूर्वीच्या तासांत, हाताने लिहायला सुरुवात केली. तीन वर्षे हा क्रम चालला. १९८७ मध्ये ‘अ टाइम टू किल’ पूर्ण झाली. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. शेवटी एका लहान प्रकाशन संस्थेने ५,००० प्रती छापल्या आणि त्यांतल्या १,००० ग्रिशॅम यांनी स्वतःच विकत घेऊन आसपासच्या गावांत खपवल्या.

पहिली कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढची सुरू केली होती. ती ‘द फर्म’. पुस्तक छापले जाण्यापूर्वीच तिचे चित्रपटाचे हक्क ६,००,००० डॉलरला गेले, १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत ४७ आठवडे राहिली. त्यानंतर त्यांनी वकिली थांबवली. या यशाबद्दल मला फार लिहावेसे वाटत नाही. ‘द फर्म’ वेगवान आहे आणि एका रात्रीत वाचून होते, पण तिच्यातल्या कंपनीत गरजू पक्षकार कुठे दिसत नाही. पैसा आहे, धमक्या आहेत, पाठलाग आहे. पायरीवर पिशवी घेऊन बसलेले माणूस नाही.

सोमवार, १२ मे

‘द रेनमेकर’ काल रात्री संपवली. या वेळी वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या.

रूडी बेलर हा मेंफिसमधला नुकताच कायद्याच्या परीक्षेला बसणारा तरुण. ज्येष्ठ नागरिकांना मोफत सल्ला देण्याचा कॉलेजचा उपक्रम म्हणून तो एका केंद्रात जातो आणि तिथे त्याला डॉट ब्लॅक भेटते. तिच्या मुलाला ल्युकेमिया आहे. त्याला जुळा भाऊ असल्यामुळे अस्थिमज्जा जुळणारी आहे, म्हणजे उपचाराची खरी संधी आहे. ती विम्याचा हप्ता नियमित भरत आलेली आहे. तरीही विमा कंपनीने दावा नाकारला आहे, एकदा नव्हे तर आठ वेळा, आणि आठव्या पत्रात तिला मूर्ख म्हटले आहे. ती बाई ते पत्र रूडीच्या पुढे ठेवते.

हे पत्र मी आज पुन्हा दोनदा वाचले. कादंबरीतला खलनायक इथे माणूस म्हणून येतच नाही, तो टंकलिखित कागद म्हणून येतो. कोर्टात वर्षे काढलेल्या माणसालाच हे सुचू शकते, कारण आमच्या धंद्यात अन्याय क्वचितच आरडाओरडा करत येतो. तो बहुधा जावक क्रमांक आणि सही-शिक्का घेऊन येतो. पुढे रूडीच्या हाती कंपनीच्या कार्यपद्धतीची पुस्तिका येते आणि तिचा एक विभाग मुद्दाम काढून ठेवलेला असतो. सगळा खटला त्या गहाळ पानांवर फिरतो. ग्रिशॅम यांची ताकद मला इथे दिसते. नाट्य भाषणात नाही, दस्तऐवजात आहे. कोणता कागद दाखल झाला, कोणता दडवला, तो कोणाच्या तोंडून शाबीत करून घ्यायचा आणि समोरचा वकील हरकत घेईल तेव्हा काय उत्तर द्यायचे, या गोष्टी ते इतक्या सहज सांगतात की कायद्याशी संबंध नसलेला वाचकही पुरावा म्हणजे काय ते शिकतो. मरणाच्या दारात असलेल्या मुलाचा जबाब त्याच्या घरी नोंदवला जातो आणि तो गेल्यानंतर त्याची चित्रफीत ज्युरीपुढे दाखवली जाते. आमच्याकडे आजारी साक्षीदाराच्या घरी कोर्ट कमिशनर जातात. अशा एका घरी मी ज्युनियर म्हणून गेले होते. तेव्हा खाटेशेजारी टंकलेखन यंत्र ठेवायला जागा नव्हती म्हणून घरच्यांनी शिवणयंत्राची फळी पुढे सरकवली होती. ती दुपार मला हे प्रकरण वाचताना प्रत्येक वेळी आठवते.

आपल्या वाचकाला त्यांच्या कादंबऱ्यांतल्या दोन गोष्टी परक्या वाटतात. पहिली म्हणजे ज्युरी. आपल्याकडे पंच म्हटले की पंचनाम्यावर सही करणारी दोन माणसे डोळ्यांपुढे येतात, निकाल देणारे १२ नागरिक नव्हेत. मुंबईत १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाने पुढे तो निर्णय फिरवून शिक्षा दिली, हे आपल्याला ऐकून माहीत असते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थानच राहिले नाही. ग्रिशॅम यांचे वकील न्यायाधीशाशी बोलत असतानाही त्यांचे अर्धे लक्ष त्या १२ चेहऱ्यांकडे असते, हे लक्षात ठेवून वाचले तर त्यांच्या युक्तिवादांचा सूर कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे फी. तिकडे अशा दाव्यांत पक्षकाराकडून आधी पैसे न घेता, जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेत वकील वाटा घेतो. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि रकमेत वाटा घ्यायला भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. मला आपला नियम योग्य वाटतो. पण हेही मान्य करायला हवे की रूडीसारख्या खिशात दमडी नसलेल्या मुलाने एका बलाढ्य कंपनीविरुद्ध उभे राहावे, हे तिकडच्या त्या पद्धतीमुळेच शक्य होते.

रूडी जिंकतो. ज्युरी प्रत्यक्ष नुकसानीखेरीज ५ कोटी डॉलर दंडात्मक भरपाई देते. आणि मग कंपनी दिवाळखोरीत जाते आणि कोणाच्याही हातात काही पडत नाही. हा शेवट अनेकांना निराश करतो. मला तो त्यांच्या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत खरा शेवट वाटतो. दिवाणी कोर्टात एक म्हणणे आहे की दावा लावणाऱ्याचे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्यात, आयुष्य गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

आज दुपारीच अशी एक पक्षकार घरी आली, मी जिला मावशी म्हणते. सुट्टी आहे हे तिला माहीत होते, तरी ती आली. तिचा २२ वर्षांचा मुलगा टेम्पोच्या धडकेत गेला. टेम्पोचा विमा संपलेला होता. मोटार अपघात दावा प्राधिकरणाने निवाडा तिच्या बाजूने दिला, रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, पण मालकाने टेम्पो आधीच विकून टाकला होता आणि त्याच्या नावावर काही निघाले नाही. ती माठातले पाणी प्यायली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “वकीलबाई, निकाल लागून तीन वर्षं झाली. आता आणखी काय लागायचं राहिलंय?” मी तिला वसुलीची पद्धत पुन्हा समजावून सांगितली. तिने ती याआधीही ऐकली होती, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतली. जाताना म्हणाली, “मावशीचं काम तुम्ही सोडू नका म्हणजे झालं.”

डॉट ब्लॅकला पैसे नको होते. त्या कंपनीने दुसऱ्या कोणाला असे करू नये, एवढेच तिला हवे होते, आणि ते तिला मिळाले. माझ्या मावशींना पैसे हवे आहेत. घराचे पत्रे बदलायचे आहेत.

बुधवार, १४ मे

दोन दिवस एक गोष्ट मनात आहे, ती आज लिहून ठेवते.

ग्रिशॅम यांचे नायक वकिली सोडतात. ‘द फर्म’मधला मिच कॅरिबियन समुद्राकडे निघून जातो. ‘द पेलिकन ब्रीफ’मधली कायद्याची विद्यार्थिनी देश सोडते. रूडी पहिलाच मोठा खटला जिंकून या व्यवसायातून कायमचा बाहेर पडतो. ‘द स्ट्रीट लॉयर’मधला तरुण मोठी फर्म सोडून बेघर लोकांची कामे करू लागतो, तो एक वेगळा. वकिली सोडलेल्या माणसाने सोडून जाणाऱ्या वकिलांच्या इतक्या गोष्टी लिहाव्यात, याचे मला पूर्वी वाईट वाटत असे. वाटे की त्यांनी आमच्या कामाकडे पाठ फिरवली आणि वाचकांनाही तीच वाट दाखवली.

हे मत मी आता बदलले आहे. त्याला पहिले कारण जेक ब्रिगन्स. ‘अ टाइम टू किल’मधला हा वकील कुठेही जात नाही. घर जाळले जाते, गावातले गोरे लोक उलटतात, फी नावापुरती असते, तरी तो आपल्या कृष्णवर्णीय पक्षकाराच्या बाजूने उभा राहतो आणि खटला संपल्यावर त्याच गावात राहतो. ग्रिशॅम २०१३ मध्ये ‘सिकॅमोर रो’ आणि २०२० मध्ये ‘अ टाइम फॉर मर्सी’ लिहून पुन्हा त्याच गावातल्या त्याच वकिलाकडे आले. पळून गेलेल्या नायकांपेक्षा हा राहिलेला वकील त्यांना अधिक पुरला. या कादंबऱ्यांत वेग कमी आहे, गावगप्पा आणि मृत्युपत्राचे तपशील जास्त आहेत, आणि काही ठिकाणी ते लांबतात हे खरे आहे. त्यांच्या स्त्री पात्रांना बहुतेक वेळा पुरेसे अंतरंग मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार इथेही कायम आहे. पण कोर्टाच्या आवारातला माणूस जसा बोलतो, उधारीवर जगतो आणि तारखेची वाट बघतो, तसा तो इथे आहे.

दुसरे कारण रॉन विल्यमसन. ओक्लाहोमातल्या एडा गावचा हा बेसबॉलपटू न केलेल्या खुनासाठी १९८८ मध्ये दोषी ठरला, त्याला देहदंड झाला, १९९४ मध्ये फाशीगृहापासून तो केवळ पाच दिवस दूर होता आणि १९९९ मध्ये डीएनए तपासणीने निर्दोष ठरून सुटला. २००४ मध्ये तो वारल्याचे वृत्त ग्रिशॅम यांनी वर्तमानपत्रात वाचले आणि त्यावर ‘द इनोसंट मॅन’ हे त्यांचे पहिले सत्यकथन लिहिले. ते २००६ मध्ये आले. त्यात रहस्य नाही. एका कमकुवत तपासावर दुसरा कमकुवत तपास रचला जाताना दिसतो, आणि वाचताना माझे हात गार पडले होते. निरपराध कैद्यांची सुटका करणाऱ्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ या संस्थेसाठी ते काम करतात, आणि चुकीच्या शिक्षांचा विषय त्यानंतर त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येत राहिला.

तिसरे कारण १९९६ चे आहे आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे. वकिली थांबवण्यापूर्वी त्यांनी एका कुटुंबाचे काम स्वीकारले होते. त्या घरातला माणूस रेल्वेत ब्रेकमन होता आणि दोन डब्यांच्या मध्ये चिरडून मेला होता. ग्रिशॅम तोपर्यंत जगभर वाचले जाणारे लेखक झाले होते. फाइल दुसऱ्या वकिलाकडे सोपवली असती तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी लेखन काही महिने बाजूला ठेवले, पाच वर्षांनी पुन्हा ज्युरीपुढे उभे राहिले आणि ६,८३,५०० डॉलरचा निवाडा मिळवला. वकील म्हणून त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा निवाडा होता. एका वकीलपत्रासाठी ते परत आले, एवढे मला पुरेसे आहे.

संध्याकाळी मावशींची फाइल पुन्हा उघडली. टेम्पोमालकाच्या मूळ गावचे सातबारा उतारे आडनावाने शोधत बसले. तीन वर्षांपूर्वी त्याच्या नावावर काही नव्हते. त्यानंतर त्याचे वडील वारले असावेत, कारण गेल्या डिसेंबरच्या फेरफारात वारस म्हणून त्याचे नाव लागले आहे. चार भावंडांत त्याच्या वाट्याला ११ गुंठे येतात. उताऱ्याची प्रत काढून निवाड्याच्या प्रमाणित प्रतीला जोडली आणि मावशींना फोन करून उद्या ११ वाजता तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांपाशी यायला सांगितले.