आडनाव घाटावरचं, मग गाव मालवण कसं?

आडनाव ऐकलं की लोक हमखास विचारतात, "तुम्ही तर सांगलीकडचे, मग गाव मालवण कसं सांगता?" परवा पुन्हा एकाने विचारलं. म्हणून आज नीट सांगतो.

वडिलांची बँकेतली बदली झाली आणि १९७९ साली आम्ही मालवणात आलो. तेव्हा जिल्हा रत्नागिरीच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. शाळेत पोरं विचारायची, "तू कोणाचो?" त्यांना नाव नको असायचं, वाडी कुठली, घर कुठलं, ते हवं असायचं. माझ्याकडे सांगायला 'बँकेतल्या साहेबांचा', एवढंच.

नऊ वर्षांचा होतो. पावसाळा सरल्यानंतरची सकाळ, दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. तीस-चाळीस माणसं, पाय वाळूत रुतलेले. मी नुसता बघत उभा. एक म्हातारे मान न वळवता म्हणाले, "बघतंस काय? दोरयेक हात लाव." लावला. तळवे सोलवटले, खारं पाणी असं झोंबलं की डोळे भरून आले. जाळं वर आलं, वाळूवर वाटे पडले. हात लावलेल्याला रिकामं धाडायची रीत नाही. माझ्यापुढेही सहा बांगडे आले.

घरी बाबा माळकरी. आईला मासा धरायचा कसा हेही ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकींनी ते बांगडे त्यांच्याकडे नेले, तिरफळं घालून तिखलं केलं आणि मला त्यांच्याच पडवीत जेवायला बसवलं. बाबा काही बोलले नाहीत.

सगळंच काही मिळालं नाही. देवळातले मान पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यात आमचं घर नाही. त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं. पण देवापुढे सगळ्यांच्या वतीने घालतात ते गाऱ्हाणं सुरू झालं की सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणताना मला कधी कुणी अडवलं नाही.

डोंबिवलीत आता एकतीस वर्षं झाली. शेजार चांगला आहे, तक्रार नाही. पण माझा हात कमी पडतोय म्हणून इथे कुणी हाक मारलेली आठवत नाही.

पर्ससीनवाले, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठं जाळं टाकून माशांचा अख्खा थवा घेरणारे, मासळी बाहेरच्या बाहेर उचलायला लागल्यापासून रापणी कमी होत गेल्या. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी रापणकरांचं दुखणं संपलेलं नाही. मला ते फार लागतं. उद्या बदलीवर आलेल्या कुणा साहेबांचं पोर किनाऱ्यावर उभं राहिलं, तर त्याच्या हातात द्यायला दोर कुठून आणायचा?

गेल्या नोव्हेंबरात दांडीवर गेलो, तर रापण लागलेली. ओढणाऱ्यांतल्या एका तरुणाने विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

"बँकेतल्या साहेबांचो झील," मी म्हटलं.

त्याला काही ओळख पटली नसावी. तो जरा पुढे सरकला, आणि दोरावर माझ्यापुरती जागा झाली.