कोकरांचं वजन अडलं आणि मी लेंड्यांची डबी घेऊन हिंडत बसलो

आधीच सांगतो, कोकरू वाढेना झालं की लगेच जंताचं औषध पाजू नका, लेंडी तपासून घ्या. बोलायला सोपंय, ती तपासून घेताना माणसाचा कसा भुगा होतो ते पुढं वाचा.

आमच्या मेंढ्या दख्खनी, माण तालुक्यात, अर्धबंदिस्त पद्धत. म्हणजे दिवसा माळावर चारून आणायच्या, कोकरं मात्र शेडात. दिवाळीनंतर एकापाठोपाठ एक मेंढ्या व्याल्या, त्यात काही त्रास नाही झाला. शेवटच्या दीड महिन्यात गाभण मेंढ्यांना मका भरडा आणि पेंड चालू होती, कारण पोटातल्या कोकराची जास्तीत जास्त वाढ त्याच दीड महिन्यात होते. कोकरं 3 किलोच्या आसपास जन्मली, उठून उभी राहिली की पहिल्या तासातच चीक पाजला. जुळ्यातली हलकी होती पण तीही तगली.

मग महिना उलटल्यावर गाडी अडली. ताणकाट्याला लावलं की 7 किलो, आठवड्यानं परत लावलं तरी 7 किलो. शेपटीखाली घाण चिकटलेली, केस उभे राहिलेले, आईमागं पळायची ती कोपऱ्यात पाठ वाकवून उभी. शेजारचे आबा म्हणाले दूध कमी पडतंय, मेव्हणा म्हणाला नर बदल, औषध दुकानदारानं तर न बघताच जंताची बाटली हातात ठेवली. पाजली. फरक शून्य.

तेव्हा ठरवलं की लेंडी तपासायची. प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी. सकाळी ताजा नमुना डबीत घेऊन गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, दवाखान्याचं पत्र कुठंय? पत्राशिवाय नमुना घेत नाही. बरं, परत आलो. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर लाळ-खुरकूतच्या लसीकरणाला गेलेले, शिवाय त्यांच्याकडं शेजारच्या दवाखान्याचाही चार्ज, कधी इथं कधी तिथं. परिचर म्हणतो साहेब उद्या येतील. उद्या म्हणजे कुठला उद्या ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी लसीकरणाच्या गावात जाऊन झाडाखाली मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पत्र लिहून घेतलं, डॉक्टर बिचारे चांगले होते. ते पत्र घेऊन प्रयोगशाळेत गेलो तर यावर जावक क्रमांक नाही! आता झाडाखाली जावक रजिस्टर कुठनं आणू? वर मला ऐकवलं की नमुना शिळा झालाय. अरे बाबा, तुमच्याच पत्रापायी शिळा झाला ना तो! मी जरा मोठ्यानंच बोललो, लोक बघायला लागले, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

शिळ्या नमुन्याचं त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं. गरम हवेत जंताची अंडी एका दिवसातच फुटतात, मग मोजणी चुकते. म्हणून पुढच्या वेळी क्रमांकाचं पत्र आधी काढून ठेवलं आणि त्याच सकाळी डबी बर्फाच्या पाण्याच्या थर्मासमधे घालून नेली. जमिनीवरची लेंडी उचलायची नाही हं, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून घ्यायची, आणि एकाच कोकराची नाही, चांगल्या-वाईट पाचसहा कोकरांची वेगवेगळी, डबीवर नाव टाकून.

आतल्या बाईंनी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बघितलं, चहा गार व्हायच्या आत उत्तर. जंत किरकोळ, कॉक्सिडिया भरपूर. ह्याच्यासाठी एवढी पायपीट! कॉक्सिडिया हा आतड्याचा एकपेशीय परजीवी, जंताच्या औषधाला तो दाद देत नाही, म्हणून आमची बाटली वाया गेली. डॉक्टरांनी त्यावरचं वेगळं औषध वजनानुसार लिहून दिलं. डोस इथं सांगत नाही, कोकराचं वजन बघून डॉक्टरच सांगतील.

पण औषधाइतकंच काम शेडानं केलं. पाण्याची टाकी गळून खालची माती कायम ओली राहायची आणि तिथंच कोकरं बसायची. लेंडीतून पडलेला कॉक्सिडिया ओलीत काही दिवसांत लागण करण्याजोगा होतो आणि साध्या फिनाईलला जुमानत नाही. माती खरवडून काढली, उन्हात वाळू दिली, टाकी उंचावर घेतली, गव्हाणीत पाय पडू नये म्हणून आडवा बांबू ठोकला. मग वजन हलायला लागलं.

मधेच आठवलं, आईचं दूध तीन-चार आठवड्यांनंतर उतरायला लागतं, तेव्हा कोकराला स्वतःचा खुराक लागतो. दुसऱ्या आठवड्यापासूनच मेथीघास आणि थोडा भरडा अशा कप्प्यात ठेवा जिथं मेंढीचं डोकं शिरणार नाही. आणि गाईचं मिनरल मिक्श्चर घालू नका, त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, मेंढीचं वेगळं मिळतं. वजन करताना सकाळी दूध पाजायच्या आधी, दरवेळी त्याच वेळेला, नाहीतर पोटातलं दूधच मोजत बसाल. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस पावसाळ्याआधी, ती मात्र आमच्याकडं वेळेवर मिळाली, त्याबद्दल त्याच दवाखान्याचे आभार.