तुम्ही विचारलंत म्हणून: मी प्रत्येक 'बाय'पाशी का अडते

'मॅडम, व्याकरण बरोबर आहे, स्पेलिंग बरोबर आहे, मग परत का पाठवलंत?' माझ्याकडे अनुवादाचं काम शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे मला कधी ना कधी विचारलंय. मराठी निवेदनाच्या इंग्रजी मसुद्यात 'वॉज डन बाय', 'वॉज टेकन बाय' असं काही दिसलं की मी 'बाय'भोवती गोल करते आणि समासात लिहिते, 'कोण म्हणालं?' काहींना तो माझा हट्ट वाटतो. एकीने तर तोंडावर विचारलं, 'तुमचं बायशी काही वैर आहे का?' वैर नाही. पण आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली, ती आज नेत नाही.

शाळेत व्हॉइस चेंज कसा शिकवला ते आठवा. कर्म पुढे आणा, 'टू बी'चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा आणि शेवटी 'बाय' लावून कर्ता बसवा. 'रावणा वॉज किल्ड बाय रामा.' बाय विसरलात तर अर्धा मार्क गेला. शिवाय आपल्या 'रामाने आंबा खाल्ला'मध्येही कर्मणी प्रयोगच आहे आणि त्यात 'ने' लावून कर्ता ऐटीत पहिल्या जागेवर बसलेला असतो. त्यामुळे कर्मणी म्हटलं की कर्ता हवाच, हे आपल्या अंगात दोन्हीकडून मुरतं. इंग्रजीत मात्र उलट आहे. तिथल्या मोठ्या व्याकरणग्रंथांच्या हिशेबाने पाचांपैकी साधारण चार कर्मणी वाक्यांत कर्ता सांगितलेलाच नसतो. बहुतेक वेळा तो सांगायचा नसतो किंवा ठाऊक नसतो, म्हणून तर ती रचना वापरतात. बाय हा तिथे अपवाद आहे, आणि आपण तो नियम म्हणून पाठ केला.

मीही केला होता. आता ती गोष्ट सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कारखान्यासाठी निवेदनांचं इंग्रजी करायचे. प्रेस मशीनवर एका कामगाराच्या हाताला इजा झाली होती. वयाने मोठे होते, मी त्यांना काका म्हणायचे. उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून जबाब त्यांनी तोंडी दिला आणि मी लिहून घेतला. त्यांचं वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे: 'गार्ड उघडा राहिलेला. माझ्या लक्षात आलं नाही.' मशीनच्या पुढचं जे संरक्षक झाकण, तो गार्ड. मी इंग्रजीत लिहिलं: 'द गार्ड वॉज लेफ्ट ओपन बाय द ऑपरेटर.'

का लिहिलं? त्या वेळच्या मला विचारलं तर ती म्हणेल, वाक्य अर्धवट वाटत होतं. 'वॉज लेफ्ट ओपन' म्हटलं की पुढे कुणीतरी हवं. मशीनवर काका होते, म्हणून काका. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण तेव्हा मी त्यांना साधं विचारलंही नाही, की गार्ड उघडा कोणी ठेवला? विचारलं असतं तर कळलं असतं, की आधीच्या पाळीत सफाईसाठी तो उघडला होता आणि काका मशीनवर आले तेव्हा तो उघडाच होता.

चौकशी करणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी माझं इंग्रजी वाचलं आणि निष्कर्ष काढला, की गार्ड आपणच उघडा ठेवल्याचं ऑपरेटरने स्वतः कबूल केलंय. हाताची इजा त्यांची, आणि दोषही त्यांचाच ठरला. कागद वाचून दाखवला तेव्हा ते माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, 'मॅडम, मी असं कधी म्हणालो?' मी दुरुस्तीचं पत्र दिलं, ते फायलीला लागलं. निर्णय बदलला नाही.

बाय द ऑपरेटर. तीन शब्द. ते काकांच्या तोंडी नव्हते, ते मी घातले.

त्यानंतर काही वर्षं मी दिसेल तो बाय काटत सुटले. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. आज त्याचंही समर्थन करत नाही. 27 जानेवारी 1987 ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर संसदेपुढे सांगितलं, 'सीरियस मिस्टेक्स वर मेड.' गंभीर चुका झाल्या. कुणाच्या हातून, ते त्या चार शब्दांच्या पुढे नव्हतं. तिथे बाय हवा होता. मी मात्र त्या काळात कुणाकुणाच्या तक्रारअर्जातले खरे, तक्रारदाराने बोट दाखवून सांगितलेले बायसुद्धा उडवले. एकाच्या माथी नको ते मारलं म्हणून दुसऱ्यांना मोकळं सोडलं.

आणि खरं सांगायचं तर बाय काढून काकांचं वाक्य सुधारतही नाही. 'द शिप सँक' म्हणजे जहाज बुडालं. 'द शिप वॉज संक' म्हणजे ते बुडवलं गेलं. बायचा पत्ता नसला तरी बुडवणारा त्या वाक्यात दबा धरून बसलेला असतो. म्हणूनच विम्याच्या पैशांसाठी 'वॉज संक' असं म्हणता येतं, विम्याच्या पैशांसाठी 'सँक' असं म्हणता येत नाही. 'वॉज लेफ्ट ओपन'मध्येही ठेवणारा आहेच. काका म्हणाले होते 'राहिलेला'. मराठीत ते झाकणाबद्दलचं वाक्य आहे, त्यात माणूस नाही. माझी चूक बायच्या आधीच, 'लेफ्ट'पाशी सुरू झाली होती. 'द गार्ड वॉज ओपन' एवढं पुरलं असतं. हे मला कळायला किती वर्षं लागली, ते सांगायची इच्छा नाही.

'माझ्याकडून कप फुटला' याचं काय करायचं, असंही तुम्ही विचारता. 'मी कप फोडला' आणि 'माझ्याकडून कप फुटला' यांतला फरक लहान पोरालाही कळतो: दुसऱ्यात हेतू नाही, चुकून झालंय. 'बाय मी' लिहिलंत की हा फरक पुसला जातो. मग 'ॲक्सिडेंटली' जोडावं का? ते जोडलं की माणूस सारवासारव करतोय असं वाटतं. मी दोन्ही करून पाहिलंय. दोन्हींनी समाधान झालेलं नाही.

बायला इंग्रजीतही ही जागा सुरुवातीपासून नव्हती, हेही ध्यानात असू द्या. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूला सैतान मोहात पाडतो तिथे 'टेम्प्टेड ऑफ द डेव्हिल' असं आहे, बाय नाही. आजही 'नोन टू', 'कव्हर्ड विथ', 'सरप्राइज्ड ॲट' असे कितीतरी बिऱ्हाडकरू आहेत. आणि 'किल्ड बाय अ स्टोन' म्हणजे दगड अंगावर पडून मेला, 'किल्ड विथ अ स्टोन' म्हणजे कुणीतरी दगडाने मारला. एका अव्ययावर अपघाताचा खून होतो. मला हट्टी म्हणण्याआधी ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा.

म्हणजे बाय ठेवायचा की काढायचा? माझ्याकडे नियम नाही. असता तर समासात प्रश्न लिहिला नसता, नियमच लिहिला असता. पुढचा मसुदा 'कोण म्हणालं?' घेऊन परत आला, तर मला इंग्रजी वाक्य वाचून दाखवू नका. ज्याने जबाब दिला त्याचं मराठी वाक्य घेऊन या, त्याच्याच शब्दांत. आणि त्यात 'राहिलं' आहे की 'ठेवलं', तेवढं आधी नीट बघून या.