माणगावचे यशवंत घाडगे मला इटलीत भेटले

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस सगळं झालं, फोटो टाकलेत, गर्दीने जीव नकोसा झाला, त्याबद्दल अजून लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते मोन्तोनेबद्दल.

पेरुजियाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर वसलेलं तटबंदीचं छोटंसं गाव. भाड्याची गाडी खाली लावून भर दुपारी चढलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे दुसऱ्या महायुद्धात लढताना पडलेले नाईक (सैन्यातली हुद्द्याची पदवी) यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलंय. त्यावरच्या ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ती वाचून खाली टायबर नदीच्या खोऱ्याकडे बघत बसलो. पोटात भूक होती पण उठवेना.

१० जुलै १९४४. ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी जर्मन ठाण्यावर चालून गेली होती. घाडगेंचं सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडलं आणि बघता बघता सगळी माणसं पडली, कुणी मेलं कुणी जखमी, उभे राहिले फक्त घाडगे. मागे फिरले असते तर कोण काय म्हणणार होतं? ते सरळ मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा संपवला, मग हातातल्या टॉमीगनने आणखी एकाला. उरले दोघे, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही. तर त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना झोडपून मारलं. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी किती तापलेली असेल, मी सारखा त्या तळहातांचाच विचार करत होतो. तेवढ्यात स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच कोसळले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला तो मरणोत्तर.

परतीला मुद्दाम कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकाला उतरलो. पांढऱ्या थडग्यांच्या ओळी, वर डोंगरावर मठ, आणि ज्यांची कबरच सापडली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं हिरव्या संगमरवरावर कोरलेली. घाडगे त्यातच आहेत. नाव शोधायला बराच वेळ लागला, बायकोला आधी दिसलं, तिने अक्षरांवरून नुसतं बोट फिरवलं, बोललो कुणीच नाही. त्या युद्धात इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मारले गेले, आणि शाळेत हे एका ओळीतही शिकल्याचं मला आठवत नाही, याचा खरंच राग येतो.

आणि एक कबूल करायचंय. माझं गाव चिपळूणजवळ, म्हणजे वर्षातून तीन-चारदा मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव लागतंच, आणि आमच्या घरात माणगाव म्हणजे फक्त ट्रॅफिक. तहसील कचेरीच्या आवारात घाडगेंचा पुतळा आहे हे मला मोन्तोनेला जायची तयारी करताना कळलं! इतकी वर्षं मी तिथे खोळंबून हॉर्न वाजवत बसायचो.

यंदा गणपतीला जाताना आईला घेऊन थांबलो. पाऊस होता, झेंडूचा हार घेतला. आईने छत्री माझ्याकडे दिली, चप्पल काढली, पुतळ्याकडे बघत विचारलं, "गाव कुठलं रे ह्यांचं?"

"पळसगाव. ह्याच तालुक्यातलं."

"मग पार्थिव आणलं का घरी?"

मी नाही म्हटलं. ती भिजत तशीच उभी राहिली.