लातूरचे घर विकताना एजंटाने केलेले काम

लातूरला औसा रोडच्या बाजूला तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर वडिलांनी बांधलेले आमचे घर होते. वडील गेल्यावर आई माझ्याकडे संभाजीनगरला राहायला आली आणि दोन वर्षे कुलूपबंद राहिलेले ते घर विकायचे आम्ही भावंडांनी ठरवले. चार ओळखीच्या लोकांच्या कानावर घातले की गिऱ्हाईक मिळेल, त्यासाठी एजंटाला दलाली कशाला द्यायची, असे मला तेव्हा वाटत होते. गिऱ्हाईक आणणे हा त्याच्या कामातला सर्वांत लहान भाग असतो, हे पुढच्या सात महिन्यांत कळले.

पहिला अनुभव वाईट होता. एका मध्यस्थाने तीन दिवसांत गिऱ्हाईक उभे केले आणि इसाराचे दोन लाख रोखीने घेण्याचा आग्रह धरला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे, हे त्याला माहीत नसणे शक्य नव्हते. पुढे घेणाऱ्याशी थेट बोललो, तेव्हा आम्हाला सांगितलेल्या आणि त्याला सांगितलेल्या किमतीत चार लाखांचा फरक निघाला. आम्ही तो व्यवहार तिथेच सोडला.

दुसरा एजंट धाकट्या बहिणीच्या सासरच्या ओळखीतला होता. त्याने घर पाहण्याआधी कागद मागितले. आईने पत्र्याच्या पेटीतून काढलेली फाईल ओट्यावर बसून त्याने एकेक पान उलटत तासभर वाचली. मालमत्ता पत्रकावर अजून वडिलांचेच नाव होते, वारसांची नोंद झालेली नव्हती, आणि गृहकर्ज फेडून बारा वर्षे उलटली तरी बँकेचा बोजा तसाच दिसत होता. तो आईला म्हणाला, "मावशी, आधी बोजा उतरवू, वारस लावू, मग गिऱ्हाईक आणतो. आत्ता आणलं तर ह्याच कागदावर बोट ठेवून तो दोन लाख कमी मागंल." बहिणींच्या सह्या शेवटी घेऊ, असे मी सुचवले, ते त्याने मुळीच मानले नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वडिलांच्या मागे आईचा, माझा आणि दोन्ही बहिणींचा हिस्सा सारखाच होता, त्यामुळे व्यवहाराच्या बोलण्यात त्या दोघी पहिल्या दिवसापासून असल्या पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. बँकेचे ना-देय प्रमाणपत्र, वारस नोंद आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या खेपा यांत अडीच महिने गेले. त्या काळात त्याला एक रुपयाही मिळालेला नव्हता.

किंमत ठरवतानाही त्याची नजर माझ्यापेक्षा वेगळी होती. मी सागवानी दारांचा हिशेब मांडत होतो. त्याने मात्र बाहेरून चढणारा जिना आणि वरच्या मजल्यावरचे वेगळे संडास-बाथरूम पाहिले. लातूरला मुलांच्या अकरावी-बारावीसाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात, त्यामुळे घेणारा माणूस विद्यार्थ्यांना भाड्याने देता येतील अशा खोल्या मोजतो, हे त्याने मला समजावले. दारांच्या पॉलिशवर खर्च करू न देता त्याने वरच्या बाथरूमची गळती तेवढी काढून घेतली.

पाण्याच्या बाबतीत आमचे मतभेद झाले. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात बोअरची चौकशी केल्याशिवाय कोणी घर घेत नाही. बोअरला पाणी असते त्या दिवाळीच्या दिवसांत घर दाखवावे, असे मला वाटत होते. त्याने अहमदपूरच्या एका शिक्षक दांपत्याला हौदाचे झाकण उघडून दाखवले आणि एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत बोअर आटतो, टँकर घ्यावा लागतो, असे माझ्यासमोर सांगून टाकले. सहज लक्षात न येणारा मोठा दोष विकणाऱ्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही सांगतो. त्यांनी पन्नास हजार कमी केले, तेव्हा मला राग आला होता. मात्र त्यानंतर खरेदीखतापर्यंत त्यांनी एकही शंका काढली नाही.

रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची एजंटांची नोंदणी मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांमधल्या विक्रीसाठी असते. आमच्यासारखे जुने स्वतंत्र घर विकताना तिचा आधार फारसा मिळत नाही. म्हणून दलाली किती, ती कोणाकडून आणि कधी द्यायची, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. आमचे एक टक्क्यावर ठरले होते आणि ती रक्कम त्याने खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच घेतली.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झाल्या होत्या. त्याने बाहेरून ओला रुमाल आणला, तिचा अंगठा पुसला आणि चौथ्या खेपेला ठसा आला. पुढच्या आठवड्यात विजेच्या मीटरवरचे वडिलांचे नाव बदलून घेण्यासाठी तो त्या शिक्षकांना घेऊन महावितरणच्या कार्यालयात गेला. त्याची दलाली तेव्हा देऊन झाली होती.